अळणी नाश्ता

"च्यायला, आजच भोक पडायचं होतं याला."

हे निमिष म्हणाला ते स्वतःच्या उजव्या मोज्याला, आणि तेही ओठातल्या ओठात. समोर गुडघे टेकून बसलेल्या किमोनोतल्या मुलीला ते कळेल असं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. कसं असणार? कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराहून साडेपाच तास गाडी हाकत तो उत्तरेच्या डोंगरात आला होता. फोनची रेंज चार मैल मागे एका वळणावर संपली होती. बाहेर डिसेंबरचा बोचरा पाऊस पडत होता आणि ही होती गरम पाण्याच्या कुंडावरची जपानी पद्धतीची जुनी सराय. दारातच बूट काढायचे हा इथला पहिला नियम, आणि त्यानंच घात केला होता.

"असू दे हो," मुलगी शांतपणे म्हणाली. "गेल्या आठवड्यात एकांच्या दोन्ही मोज्यांना होतं."

निमिषनं तिच्याकडे पाहिलं, मग मोज्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"तुम्ही… मराठी?"

"रुही. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेची. हे बूट मी उचलते, तुम्ही त्या कोरड्या सपाता घाला. आणि तुमचं बुकिंग तिघांचं दिसतंय… बाकीचे मागून येतायत का?"

"नाही येत," तो म्हणाला. "आई-बाबा यायचे होते वसईहून. बाबांची तब्येत जरा… डॉक्टर म्हणाले प्रवास नको. म्हटलं, आपण तरी जाऊन येऊ. त्यांना सांगायला तरी होईल."

हे ऐकून रुहीनं नेहमीचं हसू हसून मान लववली. नंतर तिला हे वाक्य किती वेळा आठवलं ते तिलाच ठाऊक.

आता ही पिस्कॅटवेची मुलगी या डोंगरात काय करत होती, ते सांगायला हवं. रुही नर्स होती. न्यू जर्सीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात सहा वर्षं काढली तिनं. साथीच्या दिवसांत घरच्यांना आत सोडत नसत, आणि माणूस गेला की फोन करायचं काम बहुतेक वेळा तिच्याच गळ्यात पडे. नाव सांगायचं, वेळ सांगायची, आय ॲम सॉरी म्हणायचं, आणि मग पलीकडून जे येईल ते ऐकत उभं राहायचं. साथ ओसरली, पण एके दिवशी तिला फोन उचलवेना. हातच पुढे जाईना. तिनं नोकरी सोडली, आणि ज्या ठिकाणी फोन चालत नाही असं ठिकाण शोधत शोधत मिसेस हामादांच्या सरायीत येऊन पडली. तिची आई, शुभा, अजून मैत्रिणींना सांगते की रुही हॉस्पिटॅलिटीत आहे. खोटं नाही ते, पण शुभाच्या तोंडून ते ऐकवत नाही.

मिसेस हामादांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचा एक नियम होता : एका खोलीला एकच माणूस. पाहुणा आला की त्याला दारात घेणारी जी असेल, तिनंच त्याचं जेवण खोलीत न्यायचं, गुडघे टेकून वाढायचं, प्रत्येक पदार्थ काय ते सांगायचं, आणि तो गेला की दारापर्यंत पोचवायचं. पाहुण्याला रोज नवा चेहरा दाखवायचा नाही. अशा रीतीनं चार नंबरची खोली रुहीकडे आली.

पहिल्याच संध्याकाळी निमिष कुंडावरून परतला तो लहान पोरासारखा खूश होऊन.

"अहो, तिथे बादली आहे. आणि बसायला छोटं स्टूल. आधी अंग धुवायचं आणि मग पाण्यात शिरायचं… अकरा वर्षं झाली मला अमेरिकेत, इतक्या वर्षांत बादलीनं आंघोळ केली नव्हती मी."

"मग रडलात की काय?"

"थोडासा," तो म्हणाला, आणि डोळे मिचकावत पुढे म्हणाला, "कुणाला सांगू नका."

रुहीला हसू आलं. वाढताना हसायचं नसतं, पण आलं. तो भाजलेल्या माशाचा तुकडा उचलून न्याहाळत होता. "हे सगळं बाबांना सांगायचंय. ते एसटीत ड्रायव्हर होते. मला वज्रेश्वरीला न्यायचे दर थंडीत, कुंडात बसवायचे. मी म्हणायचो भाजतंय, ते म्हणायचे पोरा, भाजलं तरच गुण येतो. मघाशी खालच्या वळणावरून त्यांना व्हॉइस मेसेज टाकला मी. हल्ली बोलत नाहीत, नुसता अंगठा पाठवतात. आळशी झालेत."

"तुम्ही म्हणजे रोज पाठवता?"

"रोज. आणि हे अहो-जाहो बंद करा की आता. मी काही काका नाही."

"पाहुण्यांना अरे-तुरे करत नाही आम्ही."

"आणि पाहुणा गेल्यावर?"

रुही ताटं उचलून निघाली, आणि सरकतं दार लावताना तिला जाणवलं की आपण ते जरा जास्तच सावकाश लावतोय. त्यानंही ते पाहिलं होतं. आता बोला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता सरायीचा फोन वाजला. तारेचा फोन, एकुलता एक, पुढच्या टेबलावरचा. रुहीनं उचलला. पलीकडे कुणी वयस्क गृहस्थ होते आणि तुटक्या इंग्रजीत निमिषची चौकशी करत होते. ती मराठीत बोलली, आणि त्यांचा आवाज एकदम सैलावला.

"बाळ, तू आपली निघालीस… बरं झालं. मी रवींद्रकाका, त्याचा काका. तो जवळपास नाही ना?"

"नाही. कुंडावर आहेत."

"दादा गेला गं. निमिषचे बाबा. आज नववा दिवस."

पलीकडचा आवाज घाईघाईनं पुढे जात होता. निमिषला कळवलेलं नाही. त्याची ग्रीन कार्डची फाइल शेवटच्या टप्प्यावर आहे, प्रवासाच्या परवानगीचा कागद तेवढा यायचाय, वकील म्हणतो आठवड्या-दोन आठवड्यांत येईल. तो हातात नसताना देश सोडला की फाइल रद्द, अकरा वर्षांची रांग फुकट. दादानं स्वतः बजावलं होतं, काही झालं तरी त्याला बोलवू नका. अग्नी रुपालीनं दिला, त्याच्या बहिणीनं.

"पण ते तर रोज मेसेज… त्यांना अंगठा येतो…"

"रुपाली पाठवते. दादाच्या फोनवरून."

काकांना अजून सांगायचं होतं.

"इथे रात्रीचा दीड वाजलाय. संध्याकाळी आमच्यातल्या एका दीडशहाण्यानं घरच्या ग्रुपवर हार घातलेला फोटो टाकला. काढायला लावला, पण तोवर दहा जणांनी काय काय लिहिलं. तो रेंजमध्ये आला की त्याला दिसणार. दोन दिवस त्याला खाली जाऊ देऊ नकोस. तेवढ्यात आम्ही इकडे काहीतरी करतो. एवढं कर, बाळ. पाया पडतो तुझ्या."

"हो," रुही म्हणाली.

ती हो का म्हणाली? खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. कुणीतरी तिला सांगू नकोस म्हणत होतं. आयुष्यात पहिल्यांदा.

आणि पाचच मिनिटांत निमिष केस पुसत, गाडीची किल्ली बोटात फिरवत समोर आला. "जरा वळणापर्यंत जाऊन येतो. बाबांना बादलीचं सांगायचं राहिलंय."

"रस्ता बंद आहे," रुही म्हणाली. "झाड पडलंय. उद्यापर्यंत निघेल म्हणतात."

इतक्या सहज निघालं ते तोंडातून. तिचं तिलाच नवल वाटलं.

"मग काय, तुमच्या तावडीत सापडलो म्हणायचं," तो हसला. "चला, काहीतरी दाखवा. कुंडात पाणी येतं कुठून ते तरी."

ती दुपार… काय सांगू तिच्याबद्दल. एका छत्रीत दोघं, देवदारांमधली निसरडी पायवाट, आणि वर खडकाच्या फटीतून वाफा सोडत येणारं पाणी. पाऊस इतका बारीक की पडतोय की नुसता उभा आहे ते कळू नये. ओढ्यावरच्या फळीवरून जाताना त्यानं हात पुढे केला, तिनं धरला, आणि फळी संपली तरी कुणी सोडला नाही. त्याच्या तळव्याची ऊब तिला थेट कोपरापर्यंत जाणवत होती. तो बोलत होता. कागद आला की एप्रिलमध्ये वसईला जायचं. बाबांना व्हीलचेअरवर घालून का होईना, घेऊनच यायचं. त्या खडकापाशी बसवायचं. भाजतंय का, असं विचारायचं.

"येतील ना ते इतक्या वर?" त्यानं विचारलं.

रुहीनं मान हलवली. हो म्हणून. मेली नाही ती तिथेच, एवढंच.

"रुही, तुम्हाला उद्या एक विचारायचंय."

"आज विचारा."

"आज नको. आज धीर होत नाही," तो म्हणाला आणि छत्री तिच्या बाजूला कलती केली. त्याचा एक खांदा पूर्ण भिजला होता, पण त्याला त्याचं काही नव्हतं.

संध्याकाळी सहाला तिनं चार नंबरमध्ये जेवण नेलं. नऊ पदार्थ होते. मासा, तळलेल्या भाज्या, शिंपल्यांचं सार, शेवटी चेस्टनटची गोड वडी. गुडघे टेकून ती एकेकाचं नाव सांगत गेली. निमिष खुशीत होता, गुणगुणत होता, त्यानं तिसऱ्यांदा भात मागितला आणि तिनं वाढला. वाढताना तिचा हात थरथरला नाही. सहा वर्षांची सवय होती त्या हाताला. मग मागच्या बाजूला, भांड्यांच्या खोलीत जाऊन ती भिंतीला टेकून खाली बसली.

मिसेस हामादा तिथे पेले पुसत होत्या. त्यांनी फक्त पाहिलं, आणि रुहीनं सगळं सांगून टाकलं.

"निरोप त्याच्या घरच्यांचा आहे," म्हातारी हातातला पेला खाली ठेवत म्हणाली. "पण ठेवायला तुझ्याकडे दिलाय. ठेवता येतोय का तुला?"

"तो गेला तर परत येणार नाही. त्याला येताच येणार नाही."

"ते मी नाही विचारलं," म्हातारी म्हणाली आणि पुढचा पेला उचलला.

रुहीनं त्या रात्री हिशेब मांडला तो दिवसांचा. उद्या दहावा. उद्या सकाळी निघाला, संध्याकाळचं विमान मिळालं, तर तेराव्याला तो वसईच्या घरात उभा असेल. परवा निघाला तर भरवसा नाही. म्हणजे तिच्या हातात एक सकाळ होती.

सकाळी ती स्वयंपाकघरात गेली. नाश्त्याला मासा असतो, गोडसर अंड्याची गुंडाळी असते, लोणची असतात. तिनं ठरवलं होतं, आधी त्याला खाऊ द्यायचं, पोटात काही गेलं की सांगायचं. नर्सला ही अक्कल असते. पण ताट भरायला घेतलं आणि तिच्यानं मासा उचलवेना. तिची आजी पिस्कॅटवेच्या घरी वारली तेव्हा घरात काय शिजलं होतं ते तिला लख्ख आठवत होतं. फोडणी नाही, तळण नाही, गोड नाही, मीठसुद्धा नाही. आईनं सगळ्यांना नुसता भात आणि उकडलेली डाळ वाढली होती. काल रात्री तिनं या माणसाला, बाप जाऊन नऊ दिवस झालेल्या माणसाला, गोड वडी वाढली होती. आणि नाव सांगून वाढली होती.

तिनं पांढरा भात घेतला. सोयाबीनचं पनीर नुसत्या पाण्यात उकडून घेतलं. बाकी ताट रिकामंच ठेवलं आणि ती चार नंबरच्या दाराशी गुडघे टेकून बसली.

निमिषनं ताटाकडे पाहिलं. एक घास घेतला, थांबला.

"मीठ विसरलात."

रुहीची नजर ताटावरच होती.

"मासा नाही, गोड नाही, लोणचं नाही…" तो हसत होता. "काय हो, कालच्या फळीवरचा राग का? हे तर अगदी सुतकातलं ताट वा…"

वाढलंत हा शब्द त्याच्या तोंडातच राहिला. तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. चॉपस्टिक्स त्यानं अगदी हळू, एकाशेजारी एक, नीट ठेवल्या.

"आई की बाबा?"

"बाबा," रुही म्हणाली. "आज दहावा दिवस."

मग तिनं सगळं सांगितलं. वेळ, काकांचा फोन, फाइल, रुपालीनं दिलेला अग्नी. आवाज न चढवता, न थांबता, जसं तिला येत होतं तसं. पलीकडून जे यायचं ते आलं नाही. तो रडलाच नाही. त्यानं फक्त विचारलं, "अंगठे?" आणि तिनं तेही सांगितलं.

"काल झाड पडलं होतं का?"

"नाही."

"मी तीनदा भात मागितला काल," निमिष म्हणाला. "गाणं म्हणत होतो. आणि तू वाढत होतीस."

तू. या एका शब्दासाठी ती दोन दिवस झुरली होती, आणि तो असा आला. तिनं मान खाली घातली.

दहा मिनिटांत त्यानं बॅग भरली. पण बाहेर गाडीच्या दाराला त्याला किल्ली लावता येईना. रुहीनं किल्ली काढून घेतली आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसली. तो पलीकडे जाऊन बसला. दारापर्यंत पोचवायचं असतं. तिनं ठरवलं, आज दार विमानतळाला आहे.

वळणावर रेंज आली आणि त्याचा फोन वाजू लागला तो थांबेचना. त्यानं एकही मेसेज उघडला नाही. बहिणीला फोन लावला. "रुपा, मी येतोय." पलीकडे ती रडत होती, ते रुहीला ऐकू येत होतं. मध्येच रवींद्रकाकांचा आवाज आला, फाइल, फाइल, असं काहीतरी. निमिषनं फोन बंद केला. मग तिकीट काढलं. त्यानंतर पाच तास गाडीत वायपरशिवाय कशाचाही आवाज नव्हता.

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर तिनं गाडी कडेला लावली. दोघं उतरली. पाऊस इथेही होताच.

"गाडी सरायीत ठेवते," रुही म्हणाली. "जेव्हा सांगशील तेव्हा…"

"मी परत येईन असं धरून चालू नकोस. कदाचित येणारच नाही. तुला माहीत होतं हे."

"हो."

"तरी सांगितलंस."

"निमिष, काल मी तुला अडवलं ते काकांसाठी, असं मी स्वतःला सांगत होते. खोटं होतं ते. तू जाऊ नयेस असं मला वाटत होतं. मला. फळीवर तुझा हात धरला तेव्हाच मला कळलं होतं ते… आणि जे मला हवं होतं, त्यासाठी मी तुझ्या बाबांना लपवत होते. म्हणून मग सांगावंच लागलं."

तो तिच्याकडे पाहत राहिला. सकाळपासून पहिल्यांदाच.

"आज मी जे विचारणार होतो," तो म्हणाला, "ते आता नाही विचारता येणार. राग आहे मला तुझा. खूप आहे. आणि तरी…"

रुहीनं हात पुढे केला. तो झटकन मागे सरकला.

"शिवू नकोस. सुतक आहे मला. तुला घरी जाऊन आंघोळ करावी लागेल."

तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"नाही करणार."

"वेडेपणा करू नकोस, रुही. बाहेरच्यांनी आंघोळ करून मोकळं व्हायचं असतं. घरच्यांना फक्त सुटका नसते. त्यांना तेराव्यापर्यंत पाळावं लागतं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

निमिषचं तोंड वेडंवाकडं झालं. त्यानं कपाळ तिच्या हातांवर टेकलं आणि तिथे, त्या बॅगांच्या आणि घाईतल्या माणसांच्या गर्दीत, तो बापासाठी रडला. रेनकोटातला एक पोलीस दोनदा गाडी हलवा म्हणून सांगून गेला. तिसऱ्यांदा तो आला, पण काही न बोलता परत फिरला. मग निमिषनं डोळे पुसले, बॅग उचलली आणि आत गेला. मागे वळून पाहिलं नाही त्यानं. तिनंही हाक मारली नाही.

फाइल रद्द झाली, हे काही आठवड्यांनी कळलं. निमिष अजून वसईलाच आहे. पुढचं कुणालाच माहीत नाही, तेव्हा मी तरी काय सांगू.

रुही त्या संध्याकाळी डोंगरात परतली. पुढचे तीन दिवस ती अळणी भात खात होती. चोवीस तास गरम पाणी वाहणाऱ्या त्या सरायीत तिनं कुंडात पाऊल घातलं नाही. दुसऱ्या दिवशी मिसेस हामादांनी विचारलं, थंडीनं आखडली आहेस, पाण्यात का जात नाहीस?

"घरचं माणूस गेलंय," रुही म्हणाली.